लाइन क्लिअर

बोंडे सरांची स्वीटी आमच्या फाटकासमोर उताणी पडली होती आणि आमचा कोळश्या तिच्यावर उभा होता. स्वीटी पॉमेरियन. तिच्या अंगावर लोकर इतकी, की कोळश्याच्या तोंडात तिची मान आहे की नुसते केस, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. बोंडे सरांच्या हातात छत्री होती. ती त्यांनी कोळश्याच्या पाठीत घालावी अशी जमलेल्या सगळ्यांची अपेक्षा होती. पण सर शाळेत भूमिती शिकवत, कोन साधल्याशिवाय ते काही करत नसत. शेवटी माझ्या बायकोनं, कुमुदनं, अंगणातली बादली उचलली आणि दोन्ही कुत्र्यांवर रिकामी केली.

कोळश्यानं तोंड उघडलं. स्वीटी किंचाळत सरांच्या धोतरात शिरली. कोळश्यानं अंग झटकून उरलेल्यांना भिजवलं आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं तो नानांच्या डाव्या पायाशी जाऊन उभा राहिला.

नाना म्हणजे माझे सासरे. ते फाटकाच्या खांबाला हात लावून सरळ समोर बघत उभे होते.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काय झालं म्हणून काय विचारता नाना?" बोंडे सर म्हणाले. "तुमच्या डोळ्यांदेखत झालं."

यावर नाना काही बोलले नाहीत. कुमुदला त्याचं फार आश्चर्य वाटलं, कारण तोवर नाना कुणाचं ऐकून गप्प बसले असा प्रसंग घरात घडलेला नव्हता.

ही भुसावळची गोष्ट. वाफेची इंजिनं बंद होऊन काही वर्षं झाली होती. नाना, म्हणजे दामोदर बऱ्हाटे, रेल्वेत ड्रायव्हर होते. आधी वाफेवर, मग डिझेलवर, शेवटी विजेच्या इंजिनावर. मी एसटीत वाहतूक नियंत्रक. माझं आडनाव झोपे, त्यामुळे गाड्या उशिरा सुटण्याचं कारण प्रवासी स्वतःच शोधून काढत. सासूबाई गेल्यावर नाना एकटे पडले, माझी बदली भुसावळ डेपोला झाली, आणि आम्ही "थोडे दिवस" म्हणून नानांच्या घरी राहायला आलो. घरजावई असेच थोडे दिवस म्हणून येतात.

नाना मला "जावईबापू" म्हणत आणि अहोजाहो करत. पण एसटीला माणसांत धरत नसत. "तुमच्या गाडीला रूळ नाही, सिग्नल नाही, मग ती जाते कशाच्या भरवशावर?" असं ते मला पाहुण्यांसमोर विचारत. मी म्हणे, "प्रवाशांच्या."

रेल्वेचा एक नियम त्यांनी घरातसुद्धा चालू ठेवला होता. इंजिनात दोन माणसं असतात. पुढचा सिग्नल दिसला की एकानं तो मोठ्यानं बोलायचा आणि दुसऱ्यानं तोच परत बोलायचा. एकानं हिरवा म्हटलं की दुसऱ्यानं हिरवा. कुमुद लहान असताना रस्ता ओलांडायच्या आधी नाना तिला "बोल" म्हणत. ती "रस्ता मोकळा" म्हणायची, नाना "रस्ता मोकळा" म्हणायचे, मग दोघं ओलांडायची. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांच्याबरोबर बाजारात गेलो तेव्हा चौकात ते थांबले आणि मला म्हणाले, "बोला." मला वाटलं, मानपानाविषयी काही बोलायचं राहिलंय.

"एकट्यानं पाहिलं ते पाहिलं असं रेल्वे धरत नाही," त्यांनी मला समजावलं होतं.

कोळश्या इंजिनांच्या शेडमधल्या कोळशाच्या ढिगावर जन्मला. शेड बंद होताना नाना त्याला पिशवीत घालून घरी घेऊन आले. रंगानं इतका काळा की संध्याकाळी तो अंगणात आहे की नाही हे नुसत्या शेपटीच्या आवाजावरून कळायचं. स्वभावानं गरीब. मांजर त्याच्या ताटलीत जेवायचं आणि तो बाजूला बसून त्याचं होण्याची वाट बघायचा. नाना रोज पहाटे त्याला घेऊन मारुतीच्या देवळावरून जुन्या शेडच्या भिंतीपर्यंत जात आणि परत येत. या कार्यक्रमात उन्हाळा, पाऊस, लग्न, मयत, कशानंही खंड पडलेला मला आठवत नाही.

मग त्या वर्षीच्या थंडीत नाना देवळापाशी पडले. कोपर सोललं. घरी येऊन त्यांनी सांगितलं की कोळश्यानं अचानक साखळी ओढली. कुमुदनं कोपराला हळद लावली आणि कोळश्याला दुपारचं जेवण दिलं नाही. कोळश्यानं तेही मनावर घेतलं नाही.

त्यानंतर हे सुरू झालं. आधी देवळापाशी राहणारी पिवळी कुत्री. तिच्या पिल्लांशी कोळश्या दिवाळीपर्यंत खेळत होता. तिचाच त्यानं कान फाडला. मग दूधवाल्याच्या मागे येणारा कुत्रा. मग चौकातले दोघं, एकदमच. आणि आता स्वीटी. दर वेळी नाना बरोबर असत, दर वेळी ते म्हणत, "एकदम काय झालं कळलं नाही."

कुमुदनं उपाय केले. आधी त्याची दृष्ट काढली. मीठ-मिरच्या ओवाळताना कोळश्यानं त्यातली एक मिरची खाल्ली आणि दृष्ट अर्धवट राहिली. मग मी त्याला ढोरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. तिथले डॉक्टर म्हशी बघून बघून मोठ्या मापाचे झाले होते. त्यांनी कोळश्याला टेबलावर घेतलं, दात पाहिले, कानात पाहिलं, पाठ दाबली, मागचे पाय ताणून पाहिले. तो पिसाळलेला नाही, एवढं त्यांनी आधी सांगितलं. मग म्हणाले की गरीब कुत्रं एकाएकी असं करायला लागलं तर बहुतेक वेळा त्याचं कुठंतरी दुखत असतं, किंवा त्याला दिसेनासं होतं, ऐकू येईनासं होतं. याचे डोळे, कान, हाडं, सगळं ठणठणीत आहे.

"घरात काही नवीन झालंय?" त्यांनी विचारलं.

मी विचार केला. घरात नवीन म्हणावं असं काहीच नव्हतं. दिवाळीपासून नाना माझ्याकडून रोज पेपर मोठ्यानं वाचून घेत होते, एवढंच. बसस्टँडवरची माझी घोषणा कुणाला कळत नाही, माझे उच्चार सुधारले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं होतं. मी रोज संपादकीयापासून निधनवार्तांपर्यंत वाचायचो आणि नाना डोळे मिटून माझे उच्चार ऐकायचे. पण ही काही जनावरांच्या डॉक्टरला सांगायची गोष्ट नव्हती.

स्वीटीच्या मानेला दोन टाके पडले. संध्याकाळी बोंडे सर आमच्याकडे आले. सर वाईट माणूस नव्हते. त्यांना मूलबाळ नव्हतं, बाई संधिवातानं अंथरुणाला खिळलेल्या, आणि स्वीटी दिवसभर त्यांच्या उशाशी बसून असे. सर ओसरीवर बसले, चहा नको म्हणाले, आणि भिंतीकडे बघत बोलू लागले. उद्या हा कुत्रा एखाद्या लेकराला धरील. गल्लीतल्या लोकांनी नगरपालिकेची गाडी बोलवायचं ठरवलंय. मीच त्यांना थांबवलंय, पण रविवारपर्यंतच. गाडीवाले कुत्र्याला नेऊन काय करतात ते तुम्हाला माहीत आहे.

आम्हाला माहीत होतं. गाडीतून परत आलेला कुत्रा भुसावळात कुणी पाहिला नव्हता.

त्या दिवशी जेवताना कुमुदनंच तोड काढली. तिच्या मामेभावाची, सुधाकरची, सावद्याला केळीची बाग होती. कोळश्याला तिथं बांधून ठेवता येईल. राखणीलाही होईल. तिथं दुसरं कुत्रं नाही. हे सगळं तिनं ताटाकडे बघत सांगितलं, आणि मग नाना आता काय बोलतात म्हणून आम्ही दोघंही त्यांच्याकडे बघू लागलो. माझी खात्री होती की नाना ताट सारतील, सावदा, केळी, बोंडे सर आणि एसटी यांचा एकत्र उद्धार करतील, आणि कुत्रा जिथल्या तिथं राहील.

"पाठवा," नाना म्हणाले.

आणि भाकरीचा तुकडा भरितात बुडवून तो तसाच ताटात ठेवून ते उठले.

रविवारपर्यंत कोळश्याला अंगणातल्या खांबाला बांधलं. आणि नानांचं पहाटेचं फिरणं बंद झालं. गुडघा दुखतो म्हणाले. कोणता, असं कुमुदनं विचारल्यावर त्यांनी जरा विचार करून उजवा सांगितला, आणि ओसरीवर जाताना डावा पाय ओढला. दिवसभर ते खुर्चीत बसून राहत. खुर्चीपासून कोळश्याच्या खांबापर्यंत चार ढांगा. पण ते त्याच्याकडे गेले नाहीत. कोळश्या साखळी पुरेल तेवढा पुढं येऊन त्यांच्याकडे तोंड करून बसे. कुमुद म्हणाली, त्याचं जायचं ठरलंय म्हणून माया तोडताहेत. तीही चुलीपाशी डोळे पुसत होती. मी एसटीचा माणूस. कुणी गाव सोडून जात असलं की आम्हाला फार वाटत नाही, असा माझा समज होता.

शनिवारी पहाटे मी स्वतःच कोळश्याला साखळीनं धरून बाहेर काढलं. एका हातात जाड काठी घेतली. कुमुद फाटकात उभी राहून मला जपून जायला सांगत होती, कोळश्याला की मला ते नक्की कळलं नाही.

कोळश्यानं मला पुरतं दमवलं. प्रत्येक खांबापाशी थांबला. प्रत्येक झाडापाशी थांबला. कडुनिंब, विजेचा खांब, पंक्चरवाल्याचा टायर, कशाचाही अपमान त्यानं केला नाही. चौकातले दोघं आले तेव्हा मी काठी उगारली. त्या दोघांनी लांबूनच शेपट्या खाली घातल्या. कोळश्यानं मात्र स्वतःची हलवली. देवळापाशी पिवळी फाटका कान घेऊन उठली आणि गुरगुरली. कोळश्या जमिनीला पोट लावून तिच्यासमोर पसरला, माफी मागितल्यासारखा. परत येताना बोंडे सरांच्या ओट्यावर स्वीटी मानेला पट्टी बांधून उन्हाला बसली होती. कोळश्यानं तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या ओट्याच्या कोपऱ्यावर एक पाय वर करून तो पुढं निघाला.

मी घरी येऊन हे सगळं मोठ्यानं सांगितलं. कुमुद म्हणाली, मग काय उपयोग, आता ठरलंय. नाना चहा ओतून घेत होते. बशीच्या काठावर बोट ठेवून ओतायची त्यांची अलीकडची सवय होती. मी स्वीटीपर्यंत आलो तेव्हा त्यांचं ओतणं थांबलं. मग त्यांनी उरलेला चहाही ओतला, आणि तो बशीबाहेर सांडला.

रविवारी सकाळी सुधाकरचा टेम्पो आला. बाजारात केळी उतरवून तो रिकामा परतणार होता. सुधाकरनं एक केळीची पाटी घरासाठी ठेवली होती. ती त्यानं फाटकाशी उतरवली आणि चहाला बसला. तेव्हा नाना खुर्चीतून उठले.

"एकदा शेडपर्यंत नेऊन आणतो," ते म्हणाले. "मग न्या."

कुमुदनं मला डोळ्यांनी खुणावलं. मी काठी घेऊन, अंतर ठेवून, मागं निघालो.

आदल्या दिवशीचा तो रस्ता होता आणि तोच कुत्रा होता, असं मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. कोळश्या नानांच्या बाजूनं चालत नव्हता. साखळी ताणून दोन पावलं पुढं चालत होता, मान खाली घालून, नाक जमिनीला. कडुनिंब आलं, खांब आला, पंक्चरवाल्याचा टायर आला. तो एकाही ठिकाणी थांबला नाही. चौकातला एक कुत्रा भिंतीच्या कडेला झोपला होता, त्याच्याकडे कोळश्यानं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. दुसरा मात्र रस्त्यात आडवा होता. कोळश्या थांबला, गुरगुरला. कुत्रा उठेना. कोळश्यानं दात काढले आणि साखळीच्या टोकापर्यंत झेप घेतली. कुत्रा केकाटत पळाला. कोळश्या मागं आला, नानांच्या डाव्या गुडघ्याला नाक लावलं, आणि परत दोन पावलं पुढं.

देवळाच्या पुढं नळाच्या कामासाठी चर खणलेला होता. नाना गेले काही दिवस बाहेर पडले नव्हते. तो चर त्यांना नवा होता. ते सरळ समोर बघत, ताठ मानेनं, चराकडे चालले होते. मी हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात कोळश्या वळला आणि त्यांच्या पायांसमोर आडवा उभा राहिला. नाना थांबले. कोळश्या कडेनं निघाला, नाना त्याच्या मागून कडेनं गेले.

माझ्या हातातली काठी मी तिथंच कुंपणात टाकून दिली.

शेडच्या भिंतीपाशी जुना कठडा आहे. नाना त्याला हातानं चाचपून बसले. कोळश्या त्यांच्या पावलांवर बसला.

"पुढं या, जावईबापू," नाना म्हणाले. "मागनं येणारा गार्ड असतो, आणि तुमच्याकडे झेंडा नाही."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुमची चप्पल एसटीच्या पत्र्यासारखी वाजते."

मी त्यांच्या शेजारी बसलो. समोर गंजलेले रूळ होते, त्यांत गवत उगवलं होतं. मग जावयानं सासऱ्याला विचारू नये असा प्रश्न मी विचारला.

"किती दिसतं?"

"समोरचं दिसतं," नाना म्हणाले. "घाटात बोगद्यातून बाहेर येताना तोंडाशी उजेड असतो ना, तेवढं. तुमचा चेहरा दिसतो. पाय आहेत असं धरून चालतो."

डॉक्टरांना दाखवायला नको का, असं मी म्हणालो. त्यावर त्यांनी मला हुसेन तडवीची हकिगत सांगितली. तडवी त्यांच्या बरोबरीचा ड्रायव्हर. डोळ्यांच्या तपासणीत नापास झाला आणि त्याला इंजिनावरून उतरवलं. रेल्वेत "उतरवलं" एवढंच म्हणतात. पगार मिळत होता, मान देत होते, आणि काम दिलं होतं शेडमध्ये कंदिलांच्या काचा पुसायचं. नाना ड्यूटीवर निघताना तडवी त्यांना पुसलेला कंदील हातात देई. देताना तो कधी वर बघत नसे. नाना दर तपासणीला पास झाले. पण दर तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांना तडवीचे हात दिसत.

"आता तुम्ही रिटायर आहात," मी म्हणालो. "आता तुम्हाला कोण उतरवणार?"

"कुमुद."

मी पायातली चप्पल काढून तिच्यातला खडा झटकला.

"फार चांगली पोरगी आहे," नाना म्हणाले. "हाताला धरील, खुर्ची देईल, उन्हात बसवील. आणि फाटकाला कडी लावील."

कोळश्यानं जांभई दिली. नानांनी खाली वाकून त्याचं डोकं शोधलं.

"यानं ओढलं नव्हतं मला. ती पिवळी रस्त्यात झोपलेली, मी तिच्यावर पाय दिला आणि पडलो. ती माझ्यावर आली, हा मध्ये पडला. घरी येऊन मी याचं नाव सांगितलं. तेव्हापासून हा लाइन क्लिअर करतो. पुढं काही आडवं असलं की आधी उठवतो, मग मला नेतो. माणूस असला तर बाजूनं नेतो. कुत्र्याला मात्र उठवतो. त्याचं त्यानंच ठरवलं."

"आणि स्वीटी?"

"फाटकात बसली असेल. मला कुठं दिसली?"

"मग याला सावद्याला कशाला पाठवता, नाना?"

नानांनी कोळश्याला उठवलं. साखळी हाताला गुंडाळली आणि उठले. "चला, सुधाकर खोळंबला असेल."

परतीच्या वाटेवर मी त्यांच्या शेजारून चाललो. ती गोष्ट त्यांची होती. मी कुमुदला सांगितली असती तर कोळश्या वाचला असता आणि नाना उतरले असते. मी बोललो नसतो तर उलट. चर आला. कोळश्या आडवा झाला. नाना थांबले, वळले.

घरासमोर गल्ली जमली होती. बोंडे सर स्वीटीला कडेवर घेऊन आपल्या ओट्यावर उभे होते. नानांनी साखळी सुधाकरच्या हातात दिली. सुधाकरनं कोळश्याला उचलून टेम्पोत केळीच्या पानांवर ठेवलं. कोळश्यानं उडी मारली आणि येऊन नानांच्या डाव्या पायाशी उभा राहिला. सुधाकरनं परत उचलला, तो परत आला. मग सुधाकरनं साखळी टेम्पोच्या कड्याला बांधली.

कुमुद फाटकात होती. उन्हातून आलेल्या वडलांसाठी तिनं पाण्याचा पेला पुढं धरला होता. नाना टेम्पोकडे पाठ करून, तिच्या चेहऱ्याकडे बघत, फाटकाकडे निघाले. मान ताठ, पावलं मोठी. वाटेत केळीची पाटी होती.

टेम्पोतून कोळश्या भुंकला. तसा भुंकताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. एकदाच, आणि मग घशातून लांबवर रडल्यासारखा. साखळी खणखणली.

नाना थांबले. त्यांचा उजवा पाय उचललेला होता, तो तसाच राहिला. पाय पाटीपासून वीतभर अंतरावर होता. त्यांना कळलं होतं की पुढं काहीतरी आहे. काय आहे आणि कुठं आहे ते कळत नव्हतं. सगळी गल्ली बघत होती.

"या ना नाना, थांबलात का?" कुमुद म्हणाली. तिच्या हातातला पेला पुढंच होता, त्यांच्या कमरेपाशी. नाना तिच्या तोंडाकडे बघत राहिले. पेल्याकडे हात गेला नाही.

मग त्यांनी पाय हळूच खाली, होता तिथंच, टेकवला.

"कुमुद," ते म्हणाले, "माझ्या पुढं काय आहे?"

तिनं पेल्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, टेम्पोकडे पाहिलं. लहानपणापासून तिला शिकवलेलं होतं की विचारलं की बोलायचं. पण तिचा आवाज निघेना. पेल्यातलं पाणी तिच्या मनगटावर सांडत होतं.

"बोला कुणीतरी," नाना म्हणाले. "मला दिसत नाही."

"पुढं पाटी आहे, नाना," मी म्हणालो. माझे उच्चार त्या दिवशी स्वच्छ आले. "डावीकडून मोकळं आहे."

"पुढं पाटी," नाना म्हणाले. "डावीकडून मोकळं."

आणि ते डावीकडून फाटकात आले. कुमुदनं त्यांचा हात धरून त्यात पेला दिला. त्यांनी पाणी पिऊन पेला तिच्याकडे परत केला, तेव्हा ते तिच्याकडे बघत नव्हते.

बोंडे सर स्वीटीला ओट्यावर ठेवून खाली उतरले. सरांना कोळश्याची भीती वाटायची. तरी ते टेम्पोपाशी गेले आणि कड्याची गाठ सोडायला लागले. ती त्यांना सुटेना.

"झोपेसाहेब, हात लावा जरा," ते म्हणाले. "मी आता स्वीटीला दोरीनं बांधत जाईन."

पुढं जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलं ते येणार नाही, उरलं ते सांभाळा, म्हणाले. कुमुदनं थेंबांच्या बाटल्या देवापुढं मांडल्या आणि, नाना म्हणाले होते तशीच, फाटकाला कडी लावली. काही दिवस नाना खुर्चीत बसले. मग एका पहाटे मी उठून पाहतो तर कडी काढलेली होती, नानांच्या चपला पायरीशी सरळ लावून ठेवलेल्या होत्या, आणि कुमुद माझ्यासाठी चहा घेऊन उभी होती.

"जा तुम्ही त्यांच्याबरोबर," ती म्हणाली. "आणि मोठ्यानं बोलत जा."

मी रोज बोलत गेलो. पुढं दगड. पुढं दगड. उजवीकडे सायकल. उजवीकडे सायकल. कोळश्याचा माझ्यावर विश्वास नव्हता. त्यानं बरेच दिवस आपलं काम चालू ठेवलं. मी बोललो तरी तो स्वतः जाऊन बघून येई. एकट्यानं पाहिलं ते पाहिलं असं तोही धरत नव्हता. त्याची साखळी मी आखूड धरायचो, आणि चौकातले कुत्रे आम्हाला बघून उठून जायचे.

पावसाळा सरता सरता एका सकाळी देवळापाशी पिवळी रस्त्याच्या मधोमध झोपली होती. कोळश्याचे कान उभे राहिले. मी साखळी घट्ट धरली.

"पुढं कुत्री झोपलीय," मी म्हणालो. "उजवीकडून मोकळं."

"कुत्री झोपलीय," नाना म्हणाले. "उजवीकडून मोकळं."

कोळश्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग नानांकडे. आम्ही दोघं पिवळीला वळसा घालून पुढं गेलो. तिनं एक डोळा उघडून मिटला. साखळी सैल पडली होती म्हणून मी मागं पाहिलं. कोळश्या रस्ता सोडून कडुनिंबापाशी गेला होता. त्यानं बुंधा नीट हुंगला, चारी बाजूंनी, आणि मग सावकाश एक पाय वर केला.

"थांबलात का?" नानांनी विचारलं.

"कोळश्या थांबलाय," मी म्हणालो.

"कोळश्या थांबलाय," नाना म्हणाले, आणि त्याचं होईपर्यंत आम्ही दोघं उभे राहिलो.